नदीचा तळ कोणाकडे

रणगाडा नदीत उतरला तेव्हा मातीबाई कर्नलबाईंच्या अंड्याची टरफलं ठेवायला कागद शोधत होत्या, त्यामुळे नेमका तो क्षण हुकला. कागद घेऊन वळल्या तर मोठ्या पडद्यावर नदी होती, काठावरची झुडपं होती, उडवलेल्या पुलाचे खांब होते. रणगाडा नव्हता.

“गेला कुठं?” कर्नलबाईंनी अर्धं सोललेलं अंडं हातात तसंच धरून विचारलं.

“नदीत,” यंत्रासमोर बसलेले आभाळवाले म्हणाले.

“नदीत कुठं?”

आभाळवाल्यांनी नाक ओढलं. ढग, वारा आणि धुकं सांभाळणाऱ्या या गृहस्थांना बारा महिने सर्दी असे. “खाली,” ते म्हणाले.

पडद्याच्या कोपऱ्यात खोलीचा आकडा होता. साठ मीटर. बघता बघता नव्वद झाला. ही जागा उथळ आहे, रणगाडा इथून आरामात पलीकडे जाईल, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक, की ते कुठं लिहून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“रणगाडा क्रमांक सात,” यंत्रातून ठरलेल्या सुरात आवाज आला. “आगेकूच चालू. शत्रू दिसत नाही. शत्रूला आपण दिसत नाही. मनोबल उत्तम.”

“थांबवू का?” आभाळवाल्यांनी विचारलं.

“नको,” कर्नलबाई म्हणाल्या आणि अंड्याला मीठ लावलं. “जातो कुठपर्यंत, बघू या.”

ही कचेरी सैन्यासाठी खोटी पृथ्वी बनवायची. पडद्यावर डोंगर, रान, नद्या उभ्या करायच्या, आणि सैनिकांनी बूट न भिजवता त्यात लढाईचा सराव करायचा. आज सैन्याकडून कर्नलबाई त्याची चाचणी घ्यायला आल्या होत्या. सहा वर्षं हे काम चाललं होतं. त्यातली पहिली दोन वर्षं तर निसर्ग म्हणजे काय, हे ठरवण्यातच गेली. त्याची एक जाडजूड चौकट तयार झाली. तिच्यात प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारायचे: सैनिकाला अडवते का, लपवते का, दमवते का, त्याची चाहूल शत्रूला देते का. चारही उत्तरं ‘नाही’ आली, तर ती वस्तू निसर्गात नाही. चांदणं पास झालं. चिमण्या पास झाल्या, कारण माणूस जवळ आला की त्या भुर्रकन उडून चहाडी करतात. फुलपाखरू नापास झालं. आभाळवाले त्या दिवशी जेवले नव्हते.

मग पास झालेल्या वस्तूंची वाटणी. जमीन मातीबाईंकडे, पाणी पाणीसाहेबांकडे, हवा आभाळवाल्यांकडे. फांदीवरून सुटलेलं पान जमिनीला टेकेपर्यंत हवेचं, टेकल्यावर जमिनीचं. पावसाचा थेंब आधी हवेचा, मुरला तर जमिनीचा, वाहिला तर पाण्याचा. ओल्या वाळूवरून मातीबाई आणि पाणीसाहेब आठ दिवस भांडले होते. आठव्या दिवशी पाणीसाहेबांनी नकाशा टराटरा फाडला आणि मातीबाईंनी त्यांची खुर्ची बाहेर नेऊन ठेवली. आवाज जिन्यापर्यंत जायचे. पण त्या आठ दिवसांनंतर त्या कचेरीत ओल्या वाळूचा एक कणसुद्धा बेवारशी उरला नव्हता.

त्याच भांडणाच्या दिवसांत मातीबाईंची मुलगी आईचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती आणि पाणीसाहेबांचा मुलगा वडिलांना घरी न्यायला. आतलं काही आटपेना. दोघं बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिली. पुढं वर्षभरानं लग्न झालं.

आणि कामाची वाट लागली.

म्हणजे तसं उघड कुणी म्हणालं नाही. पण काल ज्यांची खुर्ची बाहेर काढली, ते आज व्याही झाले. पाणीसाहेब मातीबाईंना ‘विहीणबाई’ म्हणू लागले, त्या खोलीत आल्या की उठून उभे राहू लागले. मातीबाई त्यांना रखडलेल्या कागदांची आठवणसुद्धा करीनाशा झाल्या. माणसानं मुलीच्या सासऱ्याकडे तगादा लावायचा तरी कसा? आपली पोर त्यांच्या घरात नांदतेय. इथं एक शब्द वाकडा गेला, तर तिथं तिच्या ताटापाशी जाऊन पडायचा.

दुपारचा एक वाजला. रणगाडा पंचवीस किलोमीटर खाली पोचला होता आणि मजेत होता.

“शत्रू दिसत नाही,” आवाज म्हणाला. “मनोबल अत्युत्तम.”

“आधी उत्तम होतं,” कर्नलबाई म्हणाल्या.

“चौकटीप्रमाणे जितकं लपायला मिळेल तितका सैनिक खूश,” आभाळवाल्यांनी खुलासा केला. “तिथं पूर्ण अंधार आहे ना.”

“तीस वर्षं नोकरी केली, इतकी समाधानी तुकडी पाहिली नाही. माझी बदली होत असेल तिथं, तर बघा.” कर्नलबाईंनी हात पुसले आणि चौकटीचा दुसरा खंड पुढं ओढला. “एकशे चौदावं पान. ‘नदीचा तळ.’ मालकीच्या रकान्यात जमीन विभागानं काय लिहिलंय? ‘जल विभाग ठरवील त्याप्रमाणे.’ आणि जल विभागानं? ‘जमीन विभागाच्या सोयीने.’” त्यांनी चष्म्यावरून मातीबाईंकडे आणि मागं उभ्या असलेल्या पाणीसाहेबांकडे पाहिलं. “हे काय आहे? लग्नाचं बोलणं चाललंय का?”

आभाळवाल्यांना एकदम खोकला आला.

“आजवर सगळे रणगाडे पुलावरूनच गेले होते,” मातीबाई पुटपुटल्या.

“म्हणून तर मी पूल उडवायला लावला. पाण्याला वाटलं, जमीन लागेपर्यंत मी. जमिनीला वाटलं, पाणी लागेपर्यंत मी. मधे तळ म्हणून जो काय प्रकार असतो, तो कुणी घातलाच नाही.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “चार वाजता माझी गाडी येईल. तोवर या रकान्यात एक नाव पाहिजे. चूक त्याची, दुरुस्तीही त्याची. एक नाव. दोन नकोत, सौजन्य नको. नाहीतर मी नदी अमान्य लिहून जाते. आणि नदी गेली की बाकीचं काय उरतं, ते तुम्हीच बघा.”

चौकटीचा खंड आणि त्या पानाचा सुटा कागद घेऊन दोघं लहान बैठकीच्या खोलीत समोरासमोर बसले. म्हणजे बसायलाच पाच मिनिटं लागली, कारण खिडकीजवळची बरी खुर्ची कुणी घ्यायची यावर आग्रह झाला. शेवटी ती रिकामी ठेवून दोघं मोडक्या खुर्च्यांवर बसले. पाणीसाहेबांनी उठून खिडकी लावून घेतली.

“वारा लागायला नको तुम्हाला,” ते म्हणाले.

मातीबाईंना भरून आलं. स्वतःला बरं नसताना हा माणूस दुसऱ्याच्या वाऱ्याची काळजी करतोय.

अठरा दिवसांपूर्वी मुलगी एक मोठी बॅग घेऊन घरी आली होती. ‘सासऱ्यांना बरं नाहीये गं. त्यांना घरात शांतता हवी म्हणतात डॉक्टर. थोडे दिवस इकडेच राहते.’ दुसऱ्या दिवशी मातीबाईंनी पाहिलं, तर व्याही हातात फायलींचा गठ्ठा घेऊन जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होते. किती लपवतो हा माणूस, असं त्यांना वाटलं होतं. तेव्हापासून त्या त्यांच्या हातातलं ओझं काढून घ्यायच्या. तो गठ्ठा स्वतः वर नेताना त्यांना धाप लागायची, आणि व्याही मागून कळवळून पाहत राहायचे.

पण अठरा दिवस जरा जास्तच झाले होते. जावयाचा एक फोन नाही. मुलगी संध्याकाळी गच्चीत उभी राहून कोरड्या कपड्यांच्या घड्या घालायची, मोडायची आणि परत घालायची. काय झालंय, हे तिला विचारायला मातीबाईंची जीभ रेटत नव्हती. आणि व्याह्यांना विचारणं म्हणजे त्यांच्या आजारावर संशय घेतल्यासारखं. मोडत असलंच काही तर आपल्या तोंडून मोडायला नको. आज तर नकोच. आज ‘तळ तुमचा होता’ एवढे तीन शब्द त्या कागदावर गेले, की मुलीला त्या घरात परत पाय टाकायला तोंड राहायचं नाही.

“माझं नाव लिहिते मी,” त्या म्हणाल्या.

“छे छे! असं कसं? चूक आमची.”

“तुमची कशी? तळ म्हणजे शेवटी मातीच ना.”

“माती असली तरी भिजलेली. भिजवली आम्ही.”

“भिजवलीत, पण मुळात ठेवली नव्हती आम्ही.”

“विहीणबाई, तुम्ही मला लाजवताय.”

“अहो, तुम्ही मला लाजवताय.”

कागद टेबलावर इकडून तिकडं सरकत राहिला. दार किलकिलं झालं. आभाळवाल्यांचं लाल नाक आत आलं. “अडीच वाजले. एक्केचाळीस किलोमीटर,” ते म्हणाले. “कर्नलबाई विचारतायत, आग्रह संपला का?” मग नाक बाहेर गेलं.

पाणीसाहेबांनी कागद स्वतःकडे ओढून त्यावर तळहात दाबून धरला. “हे बघा. मी लिहितो माझं नाव आणि विषय संपवतो. तुम्हाला अशा तब्येतीत कसला त्रास नको.”

“कुणाच्या तब्येतीत?”

“तुमच्या.”

“मला काय झालंय?”

पाणीसाहेब अवघडले. “नाही, मी बोलणार नव्हतो. मुलानं बजावलं होतं, की आईंना आवडत नाही आजाराचा विषय काढलेला. पण छातीचं दुखणं म्हणजे काही साधं नाही. म्हणून तर सूनबाईंना मी म्हटलं, रहा हवं तितके दिवस आईजवळ. आमचं काय, आम्ही दोघं पुरुष, काहीतरी करून खाऊ.”

मातीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, “माझ्या छातीला काही झालेलं नाही. तुमचं काय?”

“माझं काय?”

“डॉक्टरांनी शांतता सांगितलीय ना तुम्हाला?”

“कुठल्या डॉक्टरांनी? मी मागल्या रविवारी टेकडी चढून आलो.”

बाहेर आभाळवाले तीनदा शिंकले. आत पाणीसाहेबांचा तळहात कागदावरून आपोआप उचलला गेला आणि मांडीवर जाऊन पडला.

“म्हणजे तुम्ही त्या फायली माझ्या हातून...” ते म्हणाले.

“आणि तुम्ही रोज सकाळी ‘आता कसं वाटतंय’...”

“मला वाटलं, किती धीराची बाई आहे.”

“मला वाटलं, किती सोसतोय माणूस.”

हसू यायला हवं होतं. थोडंसं आलंही, पण ते ओठापर्यंत येऊन तिथंच घोटाळलं, कारण दोघांच्याही डोक्यात पुढचा प्रश्न एकदमच उभा राहिला होता. मातीबाईंनी पर्स उघडली आणि फोन काढला. पाणीसाहेब उठले, खिडकीपाशी गेले आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं निरीक्षण करू लागले.

“आई? झाली का चाचणी?” मुलीनं पहिल्याच घंटेला फोन उचलला होता.

“नाही. चाललीय अजून.”

“मग ती झाल्यावर बोलू ना आपण. घरी आल्यावर.”

“काय बोलायचंय चाचणी झाल्यावर?”

पलीकडं कुठंतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

“पोरी,” मातीबाई म्हणाल्या, “माझी छाती ठणठणीत आहे. तुझे सासरे माझ्यासमोर उभे आहेत आणि तेही ठणठणीत आहेत.”

“अरे देवा.” मग ती म्हणाली, “आम्ही दोघांनी ठरवलं होतं, की तुमची चाचणी होईपर्यंत सांगायचं नाही. सहा वर्षांचं काम तुमचं. एका खोलीत बसता तुम्ही. उगाच अवघड झालं असतं.”

“आणखी काय ठरवलंत दोघांनी?”

“तेच गं.”

“नक्की?”

“हो. चार महिने विचार केला.”

मातीबाईंनी टेबलाच्या कडेचा निघालेला पत्रा बोटानं खाली दाबला. सोडला, की तो परत वर यायचा. “चूक कुणाची?”

“आई, तसला रकाना नाहीये आमच्याकडे.”

“मारलंबिरलं नाही ना? काही टाकून बोलला?”

“नाही गं. भांडलोसुद्धा नाही कधी धड. त्याला राग आला की तो गाडी धुवायचा. मला आला की मी कपाट आवरायचे. मोठ्यानं भांडलो असतो तर तुला कळलं असतं, त्यांना कळलं असतं, मग तुम्ही ऑफिसात एकमेकांशी काय बोलला असता? सारखं तेच डोक्यात. कपाट मात्र इतकं छान लागलंय, की बघत राहावं.”

“रडलीस का?”

“रडून झालं. आता नुसती भूक लागते.”

“डब्यात चिवडा आहे. वरच्या फळीवर. तुझ्यापासूनच लपवला होता.”

“संपवला मी तो मंगळवारीच,” मुलगी म्हणाली. “बाबांना... म्हणजे त्यांना सांग, मला त्यांचा राग नाहीये. कधीच नव्हता.”

फोन ठेवल्यावर मातीबाईंनी तो उगाच पदरानं पुसला. पाणीसाहेब अजून टाकीकडेच पाहत होते.

“तुम्हाला सांगते...” त्यांनी सुरुवात केली.

“कळलं मला. पाठ फिरवून कान बंद होत नाहीत.” ते वळले. एकदम म्हातारे दिसले. “मला तिसऱ्या चहाची परवानगी नव्हती घरात. ती कपभर जास्तीचा टाकायची आणि म्हणायची, ‘बाबा, चुकून जास्त झाला, ओतून देऊ का?’ रोज चुकायची पोर.”

“माप नीट येतं तिला.”

“ठाऊक आहे मला.”

ते येऊन खुर्चीवर बसले. या वेळी खिडकीजवळच्या बऱ्या खुर्चीवर, न विचारता. मातीबाईंच्या ते लक्षात आलं. तीन वर्षं ज्या काचेच्या भांड्याला धक्का लागू नये म्हणून त्या अंग चोरून वावरल्या, ते दुसऱ्याच खोलीत, त्यांच्या नकळत, केव्हाच फुटून गेलं होतं. आणि आवाजसुद्धा झाला नव्हता. त्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. हात आता कशासाठी जपायचे, ते हातांना कळत नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. कागद दोघांच्या मधे होता. मातीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. एकशे चौदावं पान, अकरावी ओळ. ‘जल विभाग ठरवील त्याप्रमाणे.’ अक्षर त्यांचंच होतं, पण कुण्या पाहुण्या बाईनं लिहिल्यासारखं गोड.

“तळ तुमचा होता,” त्या म्हणाल्या.

पाणीसाहेबांनी मान वर केली. “काय?”

“तुमचा. विहिरीचा तळ तुमच्याकडे, तळ्याचा तुमच्याकडे, मग नदीचा माझ्याकडे कसा येईल? चौकटीचं सातवं कलम वाचा. तुम्हीच लिहिलंय.”

“विहीर साचलेली असते. नदी वाहते. वाहत्या पाण्याखाली जे हलत नाही ते जमीन. हे आठवं कलम. ते तुम्ही लिहिलंय.”

“हलत नाही? गाळ हलत नाही?”

“गाळ आला कुठून? तुमच्या डोंगरावरून!”

“आणि आणला कुणी? चालत आला का तो?”

“तुम्ही डोंगर नीट बांधून ठेवला असता तर कशाला आला असता?”

“डोंगर काय गाठोडं आहे बांधून ठेवायला? सहा वर्षं पाण्यात काम करताय, आणि अजून गाळ कळला नाही तुम्हाला!”

“गाळ मला शिकवू नका!”

“कुणीतरी शिकवायलाच हवा!”

पाणीसाहेबांचा हात टेबलावर आपटला. मोडकी खुर्ची लागली कलंडायला, ती मातीबाईंनी पायानं मागं ढकलून दिली आणि उभ्या राहिल्या. जाड खंड उघडला गेला, पानं फडफडली. थांबलेला गाळ एकीकडे आणि वाहता गाळ दुसरीकडे, इथवर ते दोघं ओरडत ओरडत येऊन पोचले. मग खडक निघाला, आणि खडकावरचं शेवाळं निघालं, ते रणगाड्याला घसरवतं म्हणून पास झालं होतं, आणि ते कुणाचं, यावर तर दोघांचेही आवाज फाटले.

दार उघडलं. कर्नलबाई हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या मागं आभाळवाले. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कर्नलबाईंनी क्षणभर ऐकलं, आणि दार हलक्या हातानं परत ओढून घेतलं.

“गाडी आलीय ना तुमची?” बाहेर आभाळवाल्यांनी विचारलेलं ऐकू आलं.

“थांबू दे तिला,” कर्नलबाईंचा आवाज म्हणाला. “काम चाललंय.”

आत पाणीसाहेबांनी घाम पुसला. “अहो बाई,” ते ओरडले, “शेवाळं काय वाळवंटात उगवतं का?”

तीन वर्षांत पहिल्यांदाच ते त्यांना नुसतं बाई म्हणाले होते. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तोंड उघडंच राहिलं आणि पुढचा शब्द येईना.

“अहो बाई काय?” मातीबाई म्हणाल्या आणि कागद स्वतःकडे ओढला. “पुढं बोला. अर्धवट सोडू नका.”